गाऱ्हाणे-निवारण (साखर कारखान्यांतील)

गाऱ्हाणे-निवारण : कामगाराच्या तक्रारीची नोंद घेऊन, चौकशी करून तिला मुदतीत उत्तर देण्याची व्यवस्था. तक्रार बोलून दाखवली की मन हलके होते आणि प्रश्न निम्मा सुटतो, हा समज कारखानदारीत जुना आहे. पुरावा मात्र उलट आहे. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या २००२ मधील प्रयोगात, चिडवणाऱ्याला डोळ्यांपुढे आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग स्वस्थ बसलेल्यांपेक्षा जास्तच राहिला. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१,००० कामगारांच्या मुलाखती झाल्या. १९३६ पासून तिथे खास समुपदेशकही नेमले गेले, पण त्यांनी ऐकायचे तेवढे; तक्रारीवर काही करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. ऐकणाऱ्याच्या हाती काहीच नसेल तर धुसफूस तशीच राहते.

सातारा-सांगलीच्या सहकारी साखर कारखान्यांत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. इथे ऊस घालणारा सभासद, संचालक, खातेप्रमुख आणि कामगार बहुधा एकाच परिसरातले, पुष्कळदा एकमेकांचे सोयरे. ‘आपलीच माणसं, बोलून मिटवू, समिती कशाला?’ हा आक्षेप त्यातूनच येतो, आणि त्यात तथ्यही आहे : ओळखीने किरकोळ कुरबूर लवकर मिटते. पण ज्याच्याविरुद्ध बोलायचे तोच भावकीतला किंवा कारखान्याच्या निवडणुकीतल्या दुसऱ्या पॅनेलचा असला, की साधी तक्रारही राजकारण ठरते. बॉयलरवर रात्रपाळी केलेल्याचे दोन तास जादा कामात धरले गेले नाहीत, तर तो टाइम ऑफिसात न जाता पहाटे गेटबाहेरच्या टपरीवर बोलतो. तिथे सगळे ऐकतात. हजेरीपत्रक मात्र तसेच राहते. त्याला हवी असते तारखेसह पोच आणि लेखी उत्तर. उत्तर नकाराचे असले तरी चालेल, कारण द्यावे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत मालक व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असलेली तक्रार निवारण समिती आवश्यक आहे. तिने चौकशी तीस दिवसांत संपवायची असते.

दुसरा आक्षेप : तक्रारींची वही ठेवली की भांडकुदळांचे फावते. उलट, नोंदीमुळे एकच तक्रार वारंवार कोण करतो आणि एकाच खात्याविरुद्ध अनेक जण का बोलतात, हे वेगवेगळे दिसते. टपरीवरच्या बोलण्यात दोन्ही एकच वाटतात. मुदतीबाबत मात्र कारखान्यांनी कायद्याच्याही पुढे जायला हवे. गळीत हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा. फेब्रुवारीतल्या तक्रारीचे उत्तर महिन्याने आले, तर पट्टा पडून (गाळप बंद होऊन) हंगामी कामगार घरी गेलेला असू शकतो. त्याचे उत्तर आठवड्यात, त्याच पाळीच्या वेळी, त्याच्या हातात पडले पाहिजे.