मलकवालची बाटली

इ. स. २०२४ च्या मे महिन्याच्या आरंभीं एके दिवशीं सकाळीं आमच्या आत्याबाईंनीं वर्तमानपत्र आमच्यापुढें ठेविलें, एका बातमीवर बोट टेकलें व विचारलें, "काय रे, हें तुला तेव्हां ठाऊक होतें का?" बातमी अशी होती : कोविशील्ड या नांवानें आपल्याकडे टोचली गेलेली लस ज्या विलायती कंपनीनें ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साह्यानें सिद्ध केली, तिनें लंडनच्या न्यायालयापुढें असें कबूल केलें कीं, या लशीमुळें अत्यंत क्वचित् प्रसंगीं रक्ताच्या गुठळ्या होऊं शकतात.

आत्याबाईंनीं तीच लस घेतली होती. साठीच्या पुढील लोकांस १ मार्च २०२१ पासून ती मिळूं लागली, आणि दुसऱ्याच आठवड्यांत आम्ही त्यांना केंद्रावर घेऊन गेलों. त्यांच्या दंडावर लहानपणीं देवी काढल्याचे वण आहेत, ते दाखवून त्या म्हणाल्या होत्या, "त्या वेळीं चांगली आठ दिवस तापानें फणफणलें होतें मी. आतां कांहीं होणार तर नाहीं ना?" आम्हीं सांगितलें, "छे, छे! मुंगी चावल्यासारखें वाटतें, एवढेंच." त्या रात्रीं त्यांना ताप भरला, दोन दिवस हात वर होईना, तिसऱ्या दिवशीं पेज पिऊन त्या नेहमींच्या कामाला लागल्या. एप्रिलच्या लाटेंत खुद्द कोरोनाच घरांत शिरला. बोटाला प्राणवायु मोजण्याचें यंत्र लावून नऊ दिवस आम्ही त्यांच्या उशाशीं आंकडे मोजीत बसलों होतों. त्या उठल्या. समोरच्या बिऱ्हाडांतील दोघे मात्र रुग्णालयांतून परत आले नाहींत. म्हणून लशीविषयीं आमच्या मनांत कृतज्ञतेवांचून दुसरा भाव नाहीं, हें आधींच सांगून ठेवितों. परंतु आत्याबाईंच्या प्रश्नाचें उत्तर त्या सकाळीं आम्हांस देतां आलें नाहीं, आणि तें शोधतां शोधतां आम्ही सव्वाशें वर्षें मागें, प्लेगाच्या काळांत, जाऊन पोहोंचलों.

मुंबईंतील प्लेग १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनीं ओळखला. पुढील फेब्रुवारींत सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. हाच कायदा मार्च २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें पुन्हां कपाटांतून काढला. पुण्यास रँडच्या अंमलांत काय झालें व त्याचा शेवट कसा झाला, तें मराठी वाचकांस पाठ आहे. रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई फुले प्लेगानेंच गेल्या, हेंहि सर्वांस ठाऊक आहे. त्या मानानें वॉल्डेमार हाफकिन यांची गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाहीं. परळच्या संस्थेला त्यांचें नांव १९२५ सालीं दिलें गेलें, आणि नांव दिलें कीं मनुष्य विसरावयास आपण मोकळे होतों.

हाफकिन हे ओडेसाचे ज्यू. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत तयार झालेले. पटकीची लस त्यांनीं १८९२ सालीं प्रथम स्वतःस टोचून घेतली व पुढील वर्षीं ते कलकत्त्यास आले. १८९६ च्या ऑक्टोबरांत सरकारनें त्यांना मुंबईस आणलें, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एक खोली, तिच्यापुढील पडवी, एक कारकून व तीन-चार शिपाई इतका सरंजाम त्यांच्या स्वाधीन केला. मांसाच्या रसांत प्लेगाचे जंतु वाढवावयाचे. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे, म्हणजे त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ छतावरून लोंबणाऱ्या धाग्यांसारखी खालीं उतरे. मग तो रस तापवून जंतु मारावयाचे व थोडें कार्बोलिक आम्ल घालून तो बाटल्यांत भरावयाचा, अशी ती कृति. आपल्या देवघरांतील निरांजनाचें तूप प्रयोगशाळेंत असें कामास आलेलें पाहून आम्हांस तरी मौज वाटली. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ही लस स्वतःस टोचून घेतली. त्यांनाहि ताप आला व हात ठणकला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांतील जे कैदी कबूल झाले त्यांना ती टोचण्यांत आली.

लोकांची शंका तेवढ्यानें फिटली नाहीं. १८९८ च्या आरंभीं बडोदें संस्थानांतील उंडेरा या गांवीं हाफकिन यांनीं एक निराळा प्रयोग केला. प्रत्येक कुटुंबांतील निम्मीं माणसें टोचावयाचीं, निम्मीं तशींच ठेवावयाचीं. घर एक, चूल एक, उंदीरहि तेच. ज्या २८ घरांत पुढें प्लेग शिरला त्यांत न टोचलेलीं ६४ माणसें होतीं. पैकीं २७ आजारी पडलीं व २६ मेलीं. टोचलेलीं ७१ होतीं. पैकीं ८ आजारी पडलीं व ३ मेलीं. हे आंकडे वाचतांना आमचें मन दोन्हीकडे ओढलें गेलें. लस तारते याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? पण एकाच ओसरीवर बसलेल्या दोघां भावांपैकीं एकास टोचून दुसऱ्यास वगळणारा तो हात आम्हांस सहज दृष्टीआड करतां येत नाहीं. आणि टोचलेल्यांतलेहि तिघे मेले, ही गोष्ट हाफकिन यांनीं लपविली नाहीं, तीहि लक्षांत राहते.

त्या काळच्या लोकांची भीति आम्हांस ऐकून माहीत आहे. आत्याबाईंच्या आजीनें ती त्यांना सांगितली होती. उंदीर पडूं लागले कीं गांवाबाहेर झोपड्यांत जाऊन राहावयाचें. टोचणारा आला कीं पोरांना माळ्यावर लपवावयाचें. यांत अडाणीपणाच होता असें म्हणवत नाहीं. प्लेगाच्या लशीचा ताप चांगला कडक असे, आणि दोन दिवस गिरणी बुडाली तर मजुराची दोन दिवसांची मजुरी बुडे. तरुण आगाखानांनीं लोकांसमक्ष स्वतःस टोचून घेतलें व आपला बंगला प्रयोगशाळेस दिला, तेव्हां त्यांच्या अनुयायांचा धीर वाढला. पुढें सरकारनें टोचलेल्यांस दाखले दिले. दाखला असला म्हणजे वेगळें ठेवण्याच्या जाचांतून कांहीं सूट मिळे. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांनाच मुंबईच्या लोकलचा पास मिळूं लागला, त्या दिवसांत खिडकीपुढें प्रमाणपत्र हातांत धरून उभे असतां आम्हांस ही गोष्ट ठाऊक नव्हती. असती तर रांग थोडी कमी लांब वाटली असती.

आतां मलकवालकडे वळूं. हें गांव पंजाबांत, तेव्हांच्या गुजरात जिल्ह्यांत. पंजाबांत प्लेग भडकला होता व लशीची मागणी इतकी वाढली कीं, परळच्या प्रयोगशाळेंत ती अधिक वेगानें तयार करण्याची नवी रीत सुरू करण्यांत आली. तींत कार्बोलिक आम्ल घातलें जात नसे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं मलकवाल येथें १०७ जणांस लस टोचली गेली. पैकीं १९ जणांस एकाच बाटलींतील लस मिळाली. तिचा क्रमांक ५३-एन. आठवड्याभरांत त्या एकोणिसांना धनुर्वात झाला व ते सर्व मेले. बाकीच्यांस कांहींच झालें नाहीं.

सरकारनें चौकशी नेमली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स तिचे अध्यक्ष होते. बाटली उघडण्यापूर्वींच, म्हणजे परळासच, दूषित झाली होती असा तिनें निर्णय दिला व कार्बोलिक आम्ल गाळल्याचा ठपका ठेविला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यांत आलें. १९०४ सालीं ते हिंदुस्थान सोडून गेले. पण साक्षींत आणखीहि कांहीं निघालें होतें. बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट न उकळतां तसाच सौम्य कार्बोलिकांत बुडवून वापरला गेला होता. शिवाय बाटली उघडली तेव्हां तिला दुर्गंधि नव्हती. धनुर्वाताचे जंतु मुंबईपासून तींत वाढत असते तर ती असावयास हवी होती. चौकशीचे कागद तीन-चार वर्षें लोकांपुढें आलेच नाहींत. ते आल्यावर रोनाल्ड रॉस प्रभृति दहा शास्त्रज्ञांनीं १९०७ च्या जुलैंत लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत हाफकिन यांचा पक्ष उघडपणें घेतला. नोव्हेंबरांत ते दोषमुक्त झाले. ते कलकत्त्यास परत आले खरे, पण पहिलें तेज गेलें तें गेलेंच. १९३० सालीं ते लोझान येथें वारले.

एका विद्वानावर अन्याय झाला, ही कथा चरित्रकारांनीं पुष्कळ सांगितली आहे, आणि ती खरी आहे. परंतु त्या कथेंत एकोणीस माणसें संख्येनें येतात. बाटलीला मात्र क्रमांक आणि अक्षर दोन्ही आहेत. शिवाय आणखी एक हिशेब आहे. मलकवालनंतर पंजाबांतील टोचणीची मोहीम कोलमडली. १९०७ या एका सालीं हिंदुस्थानांत प्लेगानें दहा लाखांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत पंजाबांतलींच पांच लाखांहून अधिक होतीं. यांतलीं किती लशीनें वांचलीं असतीं याची बेरीज आम्ही मांडीत नाहीं. पण एक चिमटा पडला ही साधी गोष्ट पांच वर्षें झांकून राहिली, आणि तेवढ्या काळांत परळची प्रत्येक बाटली लोकांना विषाची वाटूं लागली, यांत कांहीं कार्यकारणभाव आहे असें आम्हांस वाटतें.

आतां आत्याबाईंचा प्रश्न. मार्च २०२१ च्या मध्यास यूरोपांतील कित्येक देशांनीं ही लस कांहीं दिवस थांबविली. एप्रिलांत तेथील औषध-नियंत्रकांनीं गुठळ्यांचा विकार अत्यंत विरळ दुष्परिणाम म्हणून नोंदला. मे महिन्यांत इंग्लंडनें चाळिशीच्या आंतील लोकांस दुसरी लस द्यावी असें ठरविलें, कारण हा धोका तरुणांत अधिक आढळला. आपल्या सरकारच्या समितीनेंहि १७ मे २०२१ रोजीं असे २६ संभाव्य प्रसंग जाहीर केले. प्रमाण दर दहा लाख डोसांस एकाहूनहि कमी. पुढें २ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, कोणासहि बळानें टोचूं नये व दुष्परिणामांच्या नोंदी सर्वांना पाहतां याव्यात, असा निर्णय दिला.

आत्याबाईंनीं पहिली लस घेतली तेव्हां, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत, आम्हांस यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. दुसरी लस मात्र कोरोनामुळें लांबून ऑगस्टांत झाली. तोंपर्यंत हें सर्व छापून आलें होतें आणि आम्हीं तें वाचलेंहि होतें. त्या वयांत धोका अगदींच थोडा, हेंहि आम्हांस कळत होतें. तरी आम्ही बोललों नाहीं. त्या नाहीं म्हणतील अशी भीति वाटली. ही हकीकत आम्हीं त्यांना गेल्या दिवाळींत सांगितली, मलकवालसकट. त्यांनीं ती हातांतील वाती न थांबवितां ऐकून घेतली.

"घेतलीच असती रे मी," त्या म्हणाल्या. "पण सांगायचें होतेंस." मग थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "त्या एकोणिसांत बायका किती होत्या?"