शेजारच्या झाडाचा आंबा कोणाचा?

मुलुंड-बोरिवलीत बंगले पडून सोसायट्या झाल्या, पण कुंपणालगतची आंब्या-फणसाची झाडं कुठेकुठे टिकली. झाड त्यांचं, फांदी आपल्या पार्किंगवर. मग तोडायची कोणी? आणि आंबे कोणाचे?

भांडण जुनंच आहे. मनुस्मृती सांगते, सीमेवर वड, पिंपळ, पळस लावा. म्हणजे झाड हीच हद्द! मुंबईत वकिली केलेल्या पां. वा. काणे यांनी ग्रंथोग्रंथी विखुरलेली कात्यायनाची वचनं गोळा करून १९३३ साली छापली. त्यात हद्दीवरच्या झाडाची फळं-फुलं दोघांची सामायिक. मला हा निवाडा फार आवडला.

इंग्रजी कायदा कोरडा. 'लेमन विरुद्ध वेब' खटल्यात १८९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की आपल्या हद्दीत आलेली फांदी नोटीस न देता छाटता येते, फक्त शेजाऱ्याच्या जागेत शिरायचं नाही. पुढे १९१९ साली 'मिल्स विरुद्ध ब्रूकर'मध्ये सफरचंदांवरून वाद झाला. निकाल: फांदी छाटा, पण फळं झाडमालकाचीच. आपली कोर्टंही साधारण याच वाटेने गेली.

हे वाचून कोयता शोधायला निघालात? थांबा! महाराष्ट्रात १९७५ पासून शहरांतल्या झाडांसाठी वेगळा कायदा आहे. त्यात झाडाला इजा करणं हेसुद्धा 'तोडणं'च. त्यामुळे आधी महापालिकेच्या उद्यान खात्याकडे अर्ज करा. थोडक्यात, दोन मालकांच्या भांडणात आता झाडालाही वकील मिळालाय.

आणि आंबे? मागून घ्या की राव!