शेवटचं गाणं कुणाचं?

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला आर्य संगीत प्रसारक मंडळाची कार्यकारिणी आहे, पदाधिकारी आहेत. पण मांडवात सतरंजीवर बसलेल्या रसिकाला यातलं काही ठाऊक नसतं. उत्सव कुणाचा, हे त्याला कळतं शेवटच्या दिवशी शेवटी कोण गातं त्यावरून.

रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२च्या सप्टेंबरात गेले. दुसऱ्या वर्षी त्यांची पुण्यतिथी सुरू झाली. पुढाकार दोघांचा: जावई डॉ. नानासाहेब देशपांडे आणि शिष्य भीमसेन जोशी. एकाचं नातं घरचं, दुसऱ्याचं गळ्याचं. गंगूबाई हंगल आणि फिरोज दस्तूर ही गुरुभावंडं वर्षानुवर्षं इथे हजेरी लावत राहिली. पुढे उत्सव डिसेंबरात स्थिरावला. तिथी सप्टेंबरची आणि गर्दी डिसेंबरची, पण त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

कलाकार ठरवण्यापासून सगळ्यात भीमसेन जातीनं असत. रात्रभराच्या मैफली संपताना उजाडायला आलेलं असे आणि सांगता त्यांच्या गाण्यानं होई. पाठोपाठ सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लागे. आधी शिष्य आणि त्याच्यानंतर गुरू, हा क्रम मला फार नेमका वाटतो.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का दिला तो रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याच्या नियमानं. माणसं बदलण्याआधी घड्याळ बदललं. दरबारी, मालकंस हे राग आपापल्या वेळी ऐकण्याची सोय गेली. सकाळच्या सत्रानं थोडी भरपाई केली, पण जागून ऐकलेला ललत आणि आंघोळ करून येऊन ऐकलेला ललत यांत फरक आहेच.

भीमसेन थकले तशी व्यवस्था पुढच्या पिढीकडे, त्यांचे चिरंजीव श्रीनिवास जोशी यांच्याकडे आली. २४ जानेवारी २०११ रोजी भीमसेन गेले आणि त्याच वर्षापासून उत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्यही आला. २०१८ मध्ये रमणबागेचं मैदान सुटून मुक्काम मुकुंदनगरला हलला. पेठेतून चालत येणाऱ्यांना आता गाडी काढावी लागते.

सांगतेची जागा मात्र प्रभा अत्रे यांनी सांभाळली. त्यांची तालीम सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडची. ही दोघं सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ यांची मुलं. म्हणजे शाखा बदलली तरी झाड किराणा घराण्याचंच राहिलं.

१३ जानेवारी २०२४ रोजी प्रभाताई गेल्या. त्या जागेसाठी किराण्याचाच आग्रह धरू नये, असं मला वाटतं. याच मंचावर भीमसेनांनी मेवाती घराण्याच्या जसराजांना गाऊ दिलं, शिवकुमारांचं संतूर आणि हरिप्रसादांची बासरी ऐकवली. गुरूच्या पुण्यतिथीला परक्या घराण्यांना मानानं बोलावणं हीसुद्धा त्यांचीच रीत, आणि तीही तितकीच जुनी आहे.