पंथ : वाट आणि धर्म
(स्टीव्हन्सनचे सेव्हेनमधील बारा दिवस)

मराठीत 'पंथ' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वाट, आणि दुसरा धर्मातला संप्रदाय. आपल्या पंथावरची श्रद्धा डळमळलेला माणूस वाटेला लागतो, तेव्हा ह्या दोन अर्थांचे परस्परांशी काय नाते उरते, हा प्रश्न मनात ठेवून रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे 'सेव्हेनमधला गाढवीसोबतचा प्रवास' हे १८७९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक वाचण्यासारखे आहे. सामान्यतः ते ओळखले जाते ते हट्टी गाढवी आणि तिचा अडाणी मालक ह्यांच्या विनोदासाठी. तो विनोद पुस्तकात आहेच. परंतु पुस्तकाचा उत्तरार्ध बारकाईने वाचला, तर एका संशयवादी ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती धर्माच्या रक्तरंजित इतिहासातून चालत चालत केलेले ते चिंतन आहे, असे लक्षात येते.

प्रवासाचा तपशील थोडक्यात असा. २२ सप्टेंबर १८७८ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, स्टीव्हन्सन दक्षिण फ्रान्समधील ल मोनास्तिए ह्या गावातून पायी निघाला आणि ३ ऑक्टोबरला सँ-जाँ-द्यु-गार येथे पोहोचला. बारा दिवसांत त्याने सुमारे १२० मैल, म्हणजे १९० किलोमीटरच्या वर अंतर तोडले. सामान वाहण्यासाठी मोदेस्तीन नावाची गाढवी त्याने ६५ फ्रँक आणि पेलाभर ब्रँडी देऊन घेतली होती. शेवटी खोगिरासकट ती ३५ फ्रँकला विकली. उघड्यावर निजता यावे म्हणून आतून मेंढीची लोकर लावलेली एक मोठी पिशवी त्याने शिवून घेतली होती. मुलूख डोंगराळ, वस्ती विरळ, आणि पायवाट विचारली तर धड उत्तर मिळेलच अशी खात्री नाही.

ह्या माणसाच्या पाठीवर न दिसणारे ओझेही होते. एडिंबरोच्या कर्मठ प्रेस्बिटेरियन घरात तो वाढला. वडील टॉमस स्टीव्हन्सन दीपगृहे बांधणारे नामांकित अभियंते आणि निष्ठावान ख्रिस्ती. सतराव्या शतकात राजसत्तेच्या धर्माज्ञा नाकारून डोंगरांत उपासना करणाऱ्या स्कॉटिश 'कव्हेनंटर' लोकांच्या कथा त्याला लहानपणी दाईने सांगितल्या होत्या, आणि वयाच्या सोळाव्या वर्षी, १८६६ साली, त्यांच्याच एका बंडावर त्याने पहिली पुस्तिका लिहिली. पुढे १८७३ मध्ये, आपला ख्रिस्ती सिद्धान्तांवर विश्वास उरलेला नाही हे त्याने वडिलांजवळ कबूल केले. त्या कबुलीने घरात जी जखम झाली, ती पुस्तकात प्रत्यक्ष सांगितलेली नसली तरी तिच्यावरची खपली एका ठिकाणी निघते.

पुस्तकाची चौकटही ध्यानात घ्यायला हवी. अर्पणपत्रातच स्टीव्हन्सन जॉन बन्यनचे नाव घेतो. बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चा पहिला भाग १६७८ चा, म्हणजे ह्या पदयात्रेच्या बरोबर दोनशे वर्षे आधीचा. मराठी वाचकाला हे रूपक अपरिचित नाही. हरि केशवजी ह्यांनी १८४१ मध्येच त्या ग्रंथाचे 'यात्रिक क्रमण' ह्या नावाने भाषांतर केले होते. पण बन्यनच्या यात्रिकाला आपण कुठे चाललो आहोत हे पक्के ठाऊक असते. स्टीव्हन्सनला केवळ चालायचे आहे. यात्रेचे रूपक हाती आहे आणि देवस्थान मात्र नाहीसे झाले आहे, अशी ही अवस्था आहे.

प्रवासाच्या पाचव्या दिवशी तो ट्रॅपिस्ट साधूंच्या 'आवर लेडी ऑफ द स्नोज' ह्या मठात पोहोचला. मठ जवळ येताना आपल्याला भीती वाटली, असे तो प्रामाणिकपणे नोंदवतो. प्रॉटेस्टंट संस्कार श्रद्धा गेल्यावरही शरीरात शिल्लक राहतात, ते असे. साधूंनी त्याचे आदरातिथ्य केले. त्यांचे मौन आणि प्रत्येकाने आपापल्या कामात रमणे ह्यांविषयी तो आदराने लिहितो, रात्रीच्या प्रार्थनेने हलूनही जातो. संघर्ष येतो तो साधूंकडून नव्हे, मठात उतरलेल्या दोन पाहुण्यांकडून. एक खेड्यातला धर्मगुरू आणि एक निवृत्त सेनाधिकारी. पाहुणा 'पाखंडी' आहे हे कळताच दोघे त्याला कॅथलिक करण्याच्या मागे लागतात, आणि त्याने घरी जाऊन आईवडिलांनाही ह्या मार्गावर आणावे असे सुचवतात. त्या क्षणी स्टीव्हन्सनच्या डोळ्यांसमोर वडिलांचा चेहरा उभा राहतो. प्रसंग विनोदी आहे, पण ज्याने वडिलांची श्रद्धा नुकतीच नाकारली आहे, त्यालाच तिच्या बाजूने उभे राहावे लागते हे त्यातले मर्म. धर्मगुरू अखेर क्षमा मागतो. तुमच्या आत्म्याच्या काळजीपोटीच बोललो, असे सांगतो. त्याच्या सद्हेतूवर स्टीव्हन्सन शंका घेत नाही. सद्हेतूही किती गुदमरवू शकतो, एवढेच आपल्याला दिसते.

माँ लोझेरच्या उतारावर पाइन वृक्षांखाली त्याने एक रात्र काढली आणि सकाळी निघताना त्या मुक्कामाचे भाडे म्हणून गवतावर काही नाणी ठेवली. ह्या कृतीला उपासना म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कृतज्ञता व्यक्त करायला कोणीतरी समोर असावे लागते, आणि तो 'कोणीतरी' कोण हे न ठरवताच स्टीव्हन्सन ती व्यक्त करतो.

डोंगर ओलांडल्यावर तो कामिझारांच्या मुलखात उतरतो आणि पुस्तकाचा सूर बदलतो. येथला इतिहास सांगणे अपरिहार्य आहे. फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांना मर्यादित धर्मस्वातंत्र्य देणारा १५९८ चा नांतचा फतवा चौदाव्या लुईने १६८५ मध्ये रद्द केला. मंदिरे पाडली गेली, पाळकांना देशाबाहेर जावे लागले, बाकीच्यांवर धर्मांतराची सक्ती झाली. सेव्हेनमधील शेतकरी आणि लोकर पिंजणारे रात्री रानात जमून उपासना करू लागले. २४ जुलै १७०२ रोजी पाँ-द-माँव्हेर ह्या गावी जमावाने स्तोत्रे गात येऊन, प्रॉटेस्टंटांना घरात डांबून ठेवणाऱ्या द्यु शेला ह्या धर्माधिकाऱ्याला ठार मारले. त्यांचा पुढारी एस्प्री सेगिए ह्याला पुढच्याच महिन्यात जिवंत जाळण्यात आले. दोन वर्षे युद्ध पेटले. १७०३ च्या शरदात राजाच्या सैन्याने चारशेहून अधिक वाड्यावस्त्या उद्ध्वस्त केल्या. एवढे करूनही, पावणेदोनशे वर्षांनी स्टीव्हन्सन तेथे पोहोचला तेव्हा त्या दऱ्यांत प्रॉटेस्टंट होतेच.

स्कॉटलंडच्या कव्हेनंटरांवर पोसलेल्या मनाला येथे आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले, हे साहजिक आहे. तार्नच्या खोऱ्यात एक म्हातारा त्याला थेट विचारतो, की तू प्रभूला ओळखतोस का? आणि हा संशयवादी त्याला झिडकारत नाही. त्याच्याबरोबर मजेत चालत राहतो. पण केवळ आपलेपणावर तो थांबत नाही. फ्लोराकमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट शांतपणे शेजारी राहत असल्याचे तो पाहतो. कासान्यास येथे, सेव्हेनच्या अगदी अंतर्भागात, एक गावकरी त्याला म्हणतो, की माणसाने आपला धर्म बदलणे बरे नव्हे. त्याच अर्थाचे बोल त्याने वाटेत आधीही ऐकले होते. त्यावर तो जे लिहितो, तो माझ्या मते पुस्तकाचा गाभा आहे. धर्मांतर करणाऱ्यांच्या यातनेला तो मान देतो. परंतु माणसांच्या दृष्टीने एवढी मोठी उलथापालथ देवाच्या दृष्टीने कदाचित केसभरही नसेल, असे त्याला वाटते. आपण मात्र जुने शब्द टाकून नवे शब्द घेणार नाही, जुन्याच शब्दांचे अधिक धीट वाचन करू, असा त्याचा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारावा का? एक आक्षेप लगेच सुचतो. कासान्यासच्या त्या गावकऱ्याचे पूर्वज सोळाव्या शतकात कॅथलिकच होते. त्यांनी धर्म बदलला म्हणून तर तो प्रॉटेस्टंट जन्मला. आज मातीत रुजलेली दिसणारी श्रद्धा कधीतरी कोणीतरी बाहेरून आणून लावलेली असते. तेव्हा 'बदलू नये' हे तत्त्व राजाच्या सक्तीविरुद्ध ढाल म्हणून जितके खरे आहे, तितके ते स्वतःच्या मनाने बदलणाऱ्याविरुद्ध खरे नाही. स्टीव्हन्सन ह्या दोहोंत पुरेसा फरक करीत नाही. वडिलांशी समेट व्हावा ही त्याची तळमळ येथे विचारावर मात करते, असे मला वाटते.

मराठी वाचकाला ह्या ठिकाणी नारायण वामन टिळक आठवल्याखेरीज राहत नाहीत. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घर मोडले, लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि पुढे १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. त्या ताटातुटीची किंमत 'स्मृतिचित्रे'त आपण वाचली आहे. स्टीव्हन्सन ज्या पायरीवर थबकला, ती टिळक उतरले. तरी टिळकांनीही शब्द टाकून दिले नाहीत. ख्रिस्ताविषयी लिहिताना त्यांनी तुकारामांचा अभंगच हाती घेतला. एकाने पंथ सोडला नाही आणि त्याच्या शब्दांना नवा अर्थ शोधला. दुसऱ्याने पंथ सोडला आणि जुने शब्द बरोबर नेले. दोघांना एकाच तराजूत तोलण्याचे कारण नाही, पण 'धर्मांतर' हा शब्द आपण किती ढोबळपणे वापरतो हे ह्या दोघांना शेजारी ठेवल्यावर कळते.

आज स्टीव्हन्सनच्या त्या वाटेवर 'जी. आर. ७०' ह्या क्रमांकाचा पदमार्ग आहे आणि पुष्कळ लोक हौसेने तो चालतात, काही गाढव घेऊनही. स्टीव्हन्सन स्वतः सिद्धान्तांकडे परतला नाही. मात्र आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत सामोआ बेटावरील घरी तो कुटुंबाच्या सामुदायिक प्रार्थना चालवीत असे, आणि त्यांसाठी त्याने स्वतः प्रार्थना लिहिल्या. १८९४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्या पुस्तकरूपाने आल्या. त्यांतली भाषा वडिलांच्याच उपासनेची आहे. मोदेस्तीनबरोबरच्या प्रवासाचे पुस्तक त्या प्रार्थनांच्या आधी वाचावे, म्हणजे कासान्यासमध्ये सुचलेल्या धीट वाचनाचे पुढे काय झाले ते आपल्यालाच तपासून पाहता येईल.