वकिलाची पाटी

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरी पितळ घासण्याचा मोठा कार्यक्रम असतो. समया, घंगाळ, ताम्हने यांच्या रांगेत दरसाल माझी वकिलीची पाटीही येऊन बसते. लांबी हातभर, रुंदी वीतभर. वर माझे नाव, त्याखाली पदव्या आणि शेवटी 'वकील' हा एकच शब्द. पन्नास वर्षे तिने दारावर ऊनपाऊस सोसला आहे. यंदा चिंच घेऊन ती घासायला बसली माझी पुतणी. तिला नुकतीच सनद मिळाली आहे. घासता घासता तिने विचारले, "काका, ही पाटी वाचून तुमच्याकडे आजवर किती अशील आले हो?"

मी उत्तर जुळवतो आहे, तोच तिचा दुसरा प्रश्न आला. "आता रस्त्यावरची पाटी वाचतो कोण? लोक फोनवर वकील शोधतात. मी माझी पाटी तिथे लावू का? आणि लावलीच, तर तिच्यावर काय लिहू?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा टाळले. दुसऱ्याचे मात्र देता येण्याजोगे होते, कारण हा प्रश्न तिच्याआधी अनेकांना पडला आहे. त्याची हकीगत मोठी रंजक आहे.

वकिलाने जाहिरात करणे म्हणजे पाप, असे आमच्या पिढीच्या मनावर बिंबवले गेले. पण आरंभापासून सर्वत्र ते पाप मानले जात नव्हते. १८३७ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या 'सँगमो जर्नल' या वृत्तपत्रात दोन वकिलांची छोटीशी जाहिरात आली. आम्ही दोघे भागीदारीत वकिली करणार आहोत, कचेरी अमुक ठिकाणी माडीवर आहे, एवढाच तिचा मजकूर. थोरल्या भागीदाराचे नाव स्टुअर्ट. धाकटा होता अब्राहम लिंकन. खिसा रिकामा, गाव नवे, अशा तरुणाने नाव छापून आणले, तर त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. १८८७ साली अलाबामा राज्याच्या वकिलांनी आपली आचारसंहिता तयार केली, तिनेही वृत्तपत्रातल्या जाहिरातीला मुभा ठेवली होती.

इंग्लंडची हवा निराळी होती. तिथे बॅरिस्टर हा सभ्य गृहस्थ; तो दुकान मांडीत नसे. त्याला मिळणारा पैसा म्हणजे मानधन, इतके की बुडालेल्या फीसाठी त्याला दावाही लावता येत नसे. मग जाहिरातीचे नाव कशाला? १९०८ साली अमेरिकन बार असोसिएशननेही हेच वळण उचलले. साधे व्यवसायपत्र चालेल, पण परिपत्रके आणि जाहिराती धंद्याला अशोभनीय, असे ठरले. आपल्याकडे तर इंग्रजांची कोर्टे, इंग्रजांचा झगा आणि इंग्रजांचाच शिष्टाचार. बार कौन्सिलच्या छत्तिसाव्या नियमाने वकिलाला जाहिरात, परिपत्रक, दलाल या सर्वांची बंदी केली. दारावरची पाटी बेताच्या आकाराची असावी आणि तिच्यावर आपण कोणत्या कामात तज्ज्ञ आहोत हे लिहू नये, असेही बजावले.

मग अशिलाने वकील शोधायचा कसा? या प्रश्नाचे उत्तर नियमाने दिले नाही. ते दलालाने दिले.

१८९१ साली बॅरिस्टर होऊन परतलेले मोहनदास गांधी मुंबईत वकिली करू लागले. स्मॉल कॉज कोर्टात ममीबाई नावाच्या बाईचे काम त्यांच्याकडे आले. दलाली द्यावी लागेल, बडे बडे वकीलही देतात, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला. काम तरीही मिळाले, फी ठरली ३० रुपये. कोर्टात उलटतपासणीला उभे राहिले आणि डोके गरगरू लागले. तोंडातून शब्द फुटेना. ते खाली बसले आणि त्यांनी फी परत केली. ही फजिती आपल्याला ठाऊक असते. पण पुढे राजकोटला, काम देणाऱ्या वकिलाला वाटा देण्याच्या रिवाजापुढे त्यांनाही नमते घ्यावे लागले, हे फारसे कोणी सांगत नाही. स्वतः गांधींनी मात्र ते आत्मकथेत लपवलेले नाही.

सरकारला हे दिसत नव्हते असे नाही. १८७९ च्या वकिलांविषयीच्या कायद्यात पुढे अशी तरतूद झाली की दलालांच्या नावांची यादी करावी आणि ती कोर्टात टांगावी. म्हणजे वकिलाच्या नावाला बंदी आणि दलालाचे नाव भिंतीवर! तो जुना कायदा २०२३ साली मोडीत काढला, पण यादीचे कलम १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये घालूनच. शंभरावर वर्षे उलटली, तरी यादीची गरज संपली नाही. मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या दारात तर खुद्द काही वकीलच येणाऱ्या पक्षकारावर झडप घालतात, एकमेकांच्या हातून काम ओढतात, अशी तक्रार झाली. महाराष्ट्र बार कौन्सिलचे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७५ साली त्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठणकावले की वकिली हा व्यापार नव्हे आणि खटले हा विकायचा माल नव्हे.

आता थोडा वेळ वाचकांना अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहरी नेतो. कारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्या एकाच शहराने जगाला दाखवल्या.

१९७४ साली बेट्स आणि ओस्टीन या दोन तरुण वकिलांनी तिथे एक छोटा कायदा-दवाखाना उघडला. दोघेही पूर्वी गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेत काम केलेले. विचार असा की मध्यम स्थितीतल्या माणसांची साधी कामे थोड्या फीत करायची. पण थोड्या फीला पुष्कळ कामे लागतात आणि लोकांना कळल्याशिवाय कामे येत नाहीत. २२ फेब्रुवारी १९७६ रोजी त्यांनी वृत्तपत्रात जाहिरात दिली आणि चक्क दरपत्रक छापले. विनातंट्याचा घटस्फोट १७५ डॉलर, दत्तकविधान २२५, नाव बदलणे ९५. कोर्टाचा खर्च जिथे लागेल तिथे वेगळा. शिक्षेची प्रक्रिया सुरू झाली. सनद काही काळ तहकूब करण्याची शिफारस झाली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती ठपक्यावर आणली. तरीही दोघे वॉशिंग्टनपर्यंत लढले. २७ जून १९७७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी निकाल दिला की अशी खरी माहिती छापणे हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे. वकिलाच्या दाराशी येऊन मागे फिरणाऱ्या माणसाला 'किती पैसे पडतील?' ही भीती असते. ती त्या दरपत्रकाने घालवली.

त्यानंतर सतरा वर्षांनी, १२ एप्रिल १९९४ रोजी, त्याच फीनिक्समध्ये कँटर आणि सीगल हे वकील जोडपे संगणकापुढे बसले. इंटरनेट तेव्हा बाल्यावस्थेत होते. निरनिराळ्या विषयांवर गप्पा मारणारी हजारो मंडळे त्यावर भरत. कोणी संगीतावर बोले, कोणी गणितावर. या जोडप्याने एकच जाहिरात दीड तासाच्या आत पाच हजारांहून अधिक मंडळांत टाकली. जाहिरात होती अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याच्या सोडतीची. भर सगळा घाईवर, की मुदत जवळ आली, कदाचित ही शेवटचीच सोडत. खरे पाहता त्या सोडतीला सरकारी शुल्क नव्हते आणि अर्ज कोणालाही स्वतः टपालाने पाठवता येत होता. वकिलाची गरजच नव्हती! संतापलेल्या लोकांनी इतकी पत्रे धाडली की जोडप्याला जोडणी देणाऱ्या कंपनीची यंत्रे कोलमडली आणि तिने त्यांचे खाते बंद केले. लाखभर डॉलर मिळवल्याचे जोडप्याने अभिमानाने सांगितले, धनवान होण्याच्या युक्त्यांचे पुस्तकही लिहिले. १९९७ साली टेनेसी राज्याने कँटरची सनद काढून घेतली. त्यामागच्या कारणांत ही जाहिरातही होती.

दोन्ही वेळी शहर तेच आणि कचेऱ्याही लहानच. एकीने अशिलाला हवी ती गोष्ट सांगितली, दुसरीने नेमकी तीच झाकली.

आपल्याकडे २००८ साली छत्तिसाव्या नियमाची खिडकी किंचित उघडली. वकिलाला स्वतःची वेबसाइट ठेवता येते; तिच्यावर नाव, पत्ता, फोन, सनदेचा क्रमांक व तारीख, शिक्षण आणि कामाचे विषय लिहिता येतात. गंमत पाहा, भिंतीवरच्या पाटीला जो विषय वर्ज्य, तो इथे चालतो. फीचे दर मात्र त्या यादीत नाहीत. बाकी दारे घट्टच आहेत. २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांसाठी गिऱ्हाईक गोळा करणाऱ्या संकेतस्थळांवर कारवाई करण्यास फर्मावले आणि २०२५ साली बार कौन्सिलने नटनट्यांकरवी व चित्रफितींतून होणाऱ्या जाहिरातींना तंबी दिली.

हे सारे ऐकून पुतणी म्हणाली, "पण काका, माझा पहिला प्रश्न राहिलाच. पाटी वाचून किती आले?"

मग सांगावेच लागले. पहिल्या सहा महिन्यांत एकही नाही. पहिली अशील आली ती एसटी स्टँडवरच्या एका दलालाचे बोट धरून. विधवा म्हातारी, दिराने जमिनीवरून नाव काढलेले. पदराच्या गाठीतून तिने ६० रुपये मोजले. ती गेल्यावर त्यातले २० मी दलालाच्या हातावर ठेवले. 'चांगला वकील' दाखवण्याबद्दल त्याने तिच्याकडूनही वेगळे १० घेतले होते, हे मला फार पुढे समजले. माझी पाटी नियमाप्रमाणे बेताची होती. तिच्यावर एक अक्षर जास्त नव्हते. आणि खाली, जिन्यात, हा व्यवहार.

पुतणी बराच वेळ काही बोलली नाही. मग कागद ओढून तिने मजकूर लिहिला, मराठीत. नाव, पत्ता, फोन, सनद, शिक्षण आणि विषय: वारसनोंद, शेतजमीन, पोटगी. थांबून म्हणाली, "१९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्नाची अट न घालता सरकारी खर्चाने वकील मिळतो. हेही लिहू?"

"वेबसाइटच्या यादीत त्याला जागा नाही," मी म्हणालो. "पण कचेरीत, अशील बसतो त्या बाकासमोर, मोठ्या अक्षरांत लाव."

"अन् वाचून ती बाई उठून तिकडे गेली तर?"

"तर तिला तालुका विधी सेवा समितीची खोली दाखवून ये."

ती हसली आणि पुन्हा पाटी घासू लागली. धनत्रयोदशीला आम्ही ती दारावर परत चढवली. शेजारी आणखी एक खिळा ठोकून ठेवला आहे.