कारंज्याच्या तीन गाद्या

ख्रिस्ती धर्मात ट्रॅपिस्ट नावाचा संन्याशांचा एक पंथ आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ला त्रापच्या मठातून निघालेला. ही माणसं गरजेपुरतंच बोलतात, एकदा मठात शिरली की सहसा जन्मभर तिथेच राहतात आणि शेती करून, चीज विकून पोट भरतात. काही मठ तर बिअरही विकतात! त्यांच्याबद्दल वाचताना मला सारखं आमच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा आठवत होतं. (जुनी मंडळी अजून अकोला जिल्हाच म्हणतात. वाशीम वेगळा झाला १९९८ मध्ये.)

कारंजा लोकांना ठाऊक असतं ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून. गुरुमंदिरात दर्शन घेऊन गाड्या परत फिरतात. पण त्याच गावात तीन जुनी दिगंबर जैन मंदिरं आहेत: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची. (या ‘बलात्कार’चा आजच्या अर्थाशी काही संबंध नाही.) तिन्ही परंपरांच्या भट्टारकांच्या गाद्या इथे होत्या.

आता भट्टारक म्हणजे कोण? जैन मुनीला घर नसतं. चातुर्मास सोडला तर त्याने एका गावी राहायचं नाही. दिगंबर मुनीला वस्त्रही नाही. शेती तर लांबच, कारण नांगराखाली जीव मरतात. ट्रॅपिस्टांना जी साधना वाटते, ती यांच्या लेखी हिंसा. पण मग पोथ्या कोणी सांभाळायच्या? वाळवी काही मुनी परत येईपर्यंत थांबत नाही. म्हणून मध्ययुगात एका जागी राहणारा, वस्त्र नेसणारा भट्टारक आला. त्याचा खर्च समाजाने उचलायचा, आणि कारंज्याला ते जड नव्हतं. गाव पेठेचं, श्रीमंत. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये ते लुटलं, ते काही उगाच नाही.

एका जागी राहण्याबरोबर बाकीचंही आलंच. गादी म्हटली की पालखी, छत्र, चवऱ्या, गावोगावचे शिष्य आणि त्यांची दक्षिणा. उत्तरेत आग्रा-जयपूरकडच्या तेरापंथी जैनांनी सतराव्या शतकापासूनच भट्टारकांना मानणं सोडलं. त्यांची टीका मला खोटी वाटत नाही. अपरिग्रह शिकवणारा माणूस पालखीतून येतो हे बघणाऱ्याला खटकणारच.

पण पोथ्या टिकल्या. आणि टिकल्या म्हणजे नुसत्या पेटीत पडून राहिल्या असं नव्हे. कागद जीर्ण होतो, कोणीतरी बसून पुन्हा नक्कल करावी लागते, पिढ्यान्‌पिढ्या. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची छापली, तेव्हा कारंज्यात काय आहे हे बाहेर कळलं. पाठोपाठ कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली. पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्यांनी १९३१ मध्ये संपादित केलं, ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये हिरालाल जैन यांनी. (हे हिरालाल वेगळे, अमरावतीच्या कॉलेजातले प्राध्यापक.) पुष्पदंत दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटचा, आणि भाषा अपभ्रंश, म्हणजे आपल्या मराठीच्या अगदी अलीकडची पायरी. १९३४ मध्ये ‘करकंडचरिउ’ आलं. त्यात तेरापूरच्या लेण्यांचं वर्णन आहे आणि ती लेणी म्हणजे आपल्या धाराशिवची. एवढं सगळं वऱ्हाडातल्या कापसाच्या गावातून निघालं!

गाद्या मात्र विसाव्या शतकात रिकाम्या झाल्या. त्या मावळत असतानाच, १९१८ मध्ये, देवचंद शाह नावाच्या सोलापूरकडच्या पदवीधर तरुणाने कारंज्यात महावीर ब्रह्मचर्याश्रम काढला. मुलांनी तिथेच राहायचं, शाळाही शिकायची आणि शास्त्रही. पुढे ते स्वतः मुनी झाले, समंतभद्र महाराज.

या आश्रमाकडेही एक मोठी पोथी होती, धवला टीकेची नक्कल. मूळ ताडपत्रं कर्नाटकात मूडबिद्रीला. तिथले राखणदार इतके कडक, की शतकानुशतकं ग्रंथाचं फक्त दर्शन घ्यायचं, वाचायचं नाही. शेवटी नकला बाहेर पडल्याच. १९३९ मध्ये हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड छापला, तेव्हा तीन प्रती शेजारी ठेवून पाठ ताडून पाहिले: एक अमरावतीची, एक बिहारातल्या आरा गावची आणि एक कारंज्याच्या आश्रमातली.