गावाकडचा हौद आणि रोमचं काँक्रीट

गेल्या वीकेंडला गावी जाऊन आलो. गाव म्हणजे ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. निमित्त होतं मागच्या अंगणातला हौद. काकांना तो पाडून गाडी लावायला जागा करायची आहे. हौद पणजोबांच्या वेळचा, विटांचा, आतून चुन्याचा गिलावा. घरात नळ आला, बोअर झाली आणि हौद रिकामा पडला. चारेक वर्षांपूर्वी एका बाजूला भेग दिसली म्हणून आतून सिमेंट मारून घेतलं होतं. ते आता पापुद्र्यासारखं सुटलंय. त्याखालचा जुना गिलावा मात्र आहे तसाच!

काकांनी फुटक्या कडेवर बोट ठेवलं. लालसर गिलाव्यात पांढरे खडे दिसत होते. "बघ, नीट कालवलाच नाही चुना. जुनं ते सोनं वगैरे काही नसतं रे भाऊ."

आता गंमत बघा. नेमका हाच आरोप कित्येक वर्षं रोमन गवंड्यांवर होत होता.

रोमचं पँथिऑन फोटोत तरी तुम्ही पाहिलं असेलच. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १२६च्या सुमारास बांधून झालं. घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर, आणि सगळं काँक्रीट. लोखंडी सळी एकही नाही. सळी नसलेल्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट जगात आजही दुसरा नाही. वजन कमी करायला त्यांनी खालच्या थरात जड दगडाची खडी घातली आणि वर जाताना हलका होत जाणारा, शेवटी प्युमिससारखा सच्छिद्र ज्वालामुखी दगड वापरला. अगदी वरती तर भोकच ठेवलंय!

या काँक्रीटमध्ये चुना आणि ज्वालामुखीची राख असायची. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, पाण्याखाली होत नाही. राखेतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याला भेटली की मात्र मिश्रण पाण्यातसुद्धा दगडासारखं होतं. नेपल्सजवळच्या पुत्सुओली गावावरून या राखेला पोझोलाना म्हणतात.

हे सगळं लिहून ठेवलं विट्रुवियसने, इ.स.पूर्व पहिल्या शतकात, दहा पुस्तकांत. आपल्या भाषेत सांगायचं तर रोमन बांधकामाचं एवढं एकच डॉक्युमेंटेशन आज पूर्ण शिल्लक आहे. त्यात चुना आधी पाण्यात विझवून मग कालवा असं सांगितलंय. पण प्रत्यक्ष भिंतींत पांढरे खडे सापडायचे. निष्कर्ष काय, तर कालवणारे आळशी.

जानेवारी २०२३मध्ये एमआयटीतल्या अदमीर मासिच आणि सहकाऱ्यांनी हे खडे नीट तपासले. त्यांच्या म्हणण्यानुसार रोमन लोक चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, तशीच राखेत मिसळून मग पाणी घालत. प्रचंड उष्णता निघायची आणि चुन्याचे खडे मागे राहायचे. पुढे कधी भेग पडून पाणी आत शिरलं की खड्यातला चुना विरघळून भेगेत जमतो आणि ती बुजवतो. त्यांनी तसं काँक्रीट बनवून मुद्दाम तडकवलं, त्यातून पाणी सोडलं. दोन आठवड्यांत पाणी जायचं थांबलं. म्हणजे जिला बग समजत होतो ते फीचर निघालं! डॉक्युमेंटेशन एक सांगतं, चालणारा कोड दुसरंच करतो... आपल्याला हे नवीन नाही.

म्हणून आपलं सिमेंट टाकाऊ असं मात्र नाही. सळी नाही म्हणून रोमन काँक्रीटला गंज नाही, पण सळी नाही म्हणूनच त्यातून आपल्यासारखी पातळ सपाट स्लॅबही होत नाही. पँथिऑनच्या भिंती सहा मीटर जाड आहेत. आमच्या अंगणात काय उरेल?

मग आमचा गिलावा लालसर का? कारण सुरखी. आपल्या गवंड्यांना ज्वालामुखीची राख कुठून मिळणार? ते भाजलेली वीट कुटून तिची पूड चुन्यात घालत. काम तेच होतं, कारण भाजलेल्या मातीतही तीच सिलिका आणि अ‍ॅल्युमिना. विट्रुवियसनेही नदीच्या वाळूत तिसरा हिस्सा कुटलेली, चाळलेली भाजकी माती घालायला सांगितलंय. किल्ल्यांवर ट्रेकला गेल्यावर दगडी चाकाची गोल घाणी दिसते ना, त्यात असाच चुना बैल लावून मळत.

हे सगळं मी आवेशाने सांगत असताना आजी हसत होती. म्हणाली, "सुरखी आम्हीच कुटायचो. खंगर वीट बाजूला काढायची, ती कामाची नाही." जास्त भाजून काचेसारखी झालेली वीट चुन्याला धरत नाही, हे मला वाचून कळलं होतं. प्रमाण किती, विचारलं तर म्हणे, "हाताला कळतं. थापी उलटी केली आणि चुना पडला नाही की झाला." विट्रुवियसची चाचणीही जवळपास हीच. चुन्यात लोखंडी अवजार खुपसायचं. कोरडं निघालं तर चुना कच्चा, सरसासारखं चिकटलं तर उत्तम. मी लॅपटॉप उघडून आजीचं सगळं टाइप करून घेतलं.

आमच्या खड्यांत रोमन जादू आहे असा दावा मी करत नाही. चुना कमी भाजला तरी खडे राहतात. म्हणून निघताना सरळ टेस्ट लावली. हौद भेगेच्या वरपर्यंत भरला, पाण्याच्या पातळीवर कोळशाने रेघ मारली आणि शेजारी एक भरलेली बादली ठेवली, उन्हाने किती पाणी उडतं ते कळायला.

बुधवारी काकांचा फोन आला. बादली बोटभर उतरली, हौद दोन बोटं. म्हणजे गळतोय, पण थोडासा. काका म्हणाले, "चुन्याचा गिलावा करणारा माणूस आणून दाखव, मग हौद ठेवू." दोन दिवस सगळीकडे फोन करतोय. सिमेंटवाले दहा मिळाले, चुन्याचा अजून एकही नाही. आजीने सांगितलेलं सगळं फाइलमध्ये आहे. फक्त थापी उलटी धरणारा हात हवाय.